ढग आले की पहिली आपली लाइन

अहो,

भाजी अर्धी कच्चीच आहे. विजेची शेगडी मध्येच बंद पडली. ढग येऊन सोलरची बॅटरी उतरायला लागली की वसाहतीत सगळ्यात आधी तुम्ही आपल्याच घराची लाइन बंद करता. बॅटरीघर तुमच्या ताब्यात, उगाच लोकांनी नावं ठेवायला नकोत. पटतं मला. चारचौघांत कौतुकानं सांगतही आले.

पण आज दुपारी मीठ आणायला बाहेर पडले, तर अख्ख्या गल्लीत पंखे बंद. चालू कुठे? दवाखान्यात. ते बरोबरच आहे. आणि दुसरीकडे शिवणवाल्या बाईंकडे!

आता म्हणाल, तिचं पोट मशीनवर आहे. मशीनवर झाकण होतं हो. बाई पंख्याखाली केस वाळवत बसल्या होत्या. वर मलाच विचारतात, “तुमच्याकडे गेली का वीज?”

मी मीठ घेऊन सरळ घरी आले.

तुमचे सगळे शर्ट घेऊन तिच्याकडे इस्त्री करायला चाललेय. तिथली वीज काही जायची नाही. कामावरून आलात की मला न्यायला या. घर कोणाला विचारावं लागणार नाही तुम्हाला.