शोकसभेतला दगड

मुलुंड (पूर्व),
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कल्पू,

अनेक आशीर्वाद. आत्याचे गुडघे कसे आहेत? चारकोपला पुन्हा पाण्याची बोंब आहे, असं आई म्हणत होती. आम्ही ठीक. बाबांचे डोंगरातले बूट अजून दाराशीच आहेत, आई उचलू देत नाही.

फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी विषय बदलला असता, म्हणून पत्र.

बाबांच्या शोकसभेला हॉल भरला होता. लडाखपासून झांबियापर्यंत बाबांनी जिथे जिथे दगड फोडले, तिथल्या लोकांचे निरोप आले होते. तुलाही मामाबद्दल बोलायचं होतं. "घरचं एकच माणूस बोलेल," असं मीच तुला ऐकवलं. मुलगा ना मी!

आणि माईक हातात आल्यावर सांगायला काहीच नव्हतं, गं. भूगर्भशास्त्रज्ञाचा मुलगा, पण त्यांच्याबरोबर एक डोंगर चढलेला नाही. मग तुझीच आठवण माझी म्हणून सांगितली. कुडाळच्या वाटेवर जीप थांबवून बाबांनी पांढरट दगड पुढे केला, "चाट" म्हणाले. जीभ चिकटली, तसे खूश होऊन म्हणाले, "चिकणमाती आहे ह्यात. बघ, तुझ्या जिभेला कळलं!" लोक हसले, मग रडले. तू तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होतीस. निघताना माझा हात दाबून म्हणालीस, "छान बोललास, दादा." त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आईने भात लावता लावता एवढंच विचारलं, "तो दगड कल्पून चाटलेलो ना रे?" मी आंघोळीला निघून गेलो.

अजून एक आहे, ते तुला माहीत नाही. त्या दिवशी जीप थांबली तेव्हा तू ओढ्यावर पाय धूत होतीस. बाबांनी तो दगड आधी मला दिला होता. मी "शी!" म्हणून झाडीत भिरकावला. त्यांनी तो शोधून आणला, सदऱ्याला पुसला आणि तुला हाक मारली. त्यानंतरही दोन-तीन सुट्ट्या "येतोस का रे?" विचारायचे. मी तोंड वाकडं करायचो. मग विचारणं सोडलं. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, बाबांना माझ्यासाठी कधी वेळच नव्हता. त्यांच्या देखत सांगितलंय, कल्पू. त्यांनी एकदाही खोडलं नाही. लाज वाटते मला.

त्यांच्या ट्रेकिंग ग्रुपचे सहदेवकाका माझं भाषण स्मरणिकेत छापायचं म्हणत होते. त्यांना काल खरं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी बाबांच्या आठवणीसाठी ग्रुप येऊरला जमतोय. तिथे तू बोल. मी दगड फेकला, तेही सांग. मी बसलोय म्हणून गाळू नकोस.

तुझा अपराधी,
नितेश