कंबर छत्तीस

२ जून
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणजे शिस्त.
डॉक्टर कोटाच्या ट्रायलला दुकानात आले. कोट सोडून माझ्याच पोटाकडे बघत होते. म्हणाले, एकदा रक्त तपासून घ्या. पोटातली चरबी नुसती बसून राहत नाही, रक्तात काय काय सोडत असते, ते मोजलं की हृदयाला किती धोका आहे याचा अंदाज येतो. मी म्हटलं, माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. म्हणाले, हे त्याच्या पुढचं.
थोरल्या भावाला अटॅक आल्यापासून बायको धास्तावलीय. तिने लगेच तपासणीची वेळ घेतली. माझी लग्नातली पँट मला अजून होते, याहून मोठा रिपोर्ट कुठला?

३ जून
तीच पँट काचत होती. कापड आटलं. शिवण उसवून जरा सैल केली. हल्लीच्या कापडात दम नाही.
(हल्लीचं नाही म्हणा. पण दम नाही.)

५ जून
उपाशीपोटी रक्त दिलं. अशक्तपणा नको म्हणून येताना बेकरीत थांबलो. बराच अशक्तपणा होता.
नर्सने कंबर विचारली. शिंप्याला माप विचारते! छत्तीस, म्हटलं. आमच्या दुकानाची रीत अशी की, माप मोठ्याने सांगताना एक इंच कमी सांगायचं, मर्जीतल्या गिऱ्हाईकाला दोन. गिऱ्हाईक खूश. बायको मात्र तेवढे इंच परत मिळवून वहीत खरं लिहून घेते, कापड त्यावरच कापतो. स्वतःच्या बाबतीत मी असली लबाडी करत नाही. श्वास तेवढा आत घेतला होता.

९ जून
मोबाईलवर वाचलं, अडिपोनेक्टिन नावाचा पदार्थ हृदयाला जपतो. आणि तो तयार कुठे होतो? चरबीत! म्हणजे माझ्याकडे आख्खा कारखाना आहे. बायकोला ऐकवलं. तिने केकचा डबा फळीवर चढवला. मेहुणा काडीपैलवान, त्याच्या हृदयाचं कसं व्हायचं? फोन करून त्याला धीर दिला.

१० जून
सकाळी फिरायला जायचा पक्का निश्चय होता. उठल्यावर वाटलं, चालता कारखाना बंद कशाला पाडा. झोपलो.

१४ जून
रिपोर्ट आला. अडिपोनेक्टिन कमी! डॉक्टर म्हणाले, पोटातली चरबी वाढली की हे उलट घटतं. म्हणजे कारखाना मोठा, माल कमी. लेप्टिन मात्र भरपूर. ते म्हणे भूक आवरतं. मी म्हटलं, मग चांगलंच की! म्हणाले, एवढं असूनही तुमचं शरीर त्याचं ऐकत नाही. बायको म्हणाली, शरीर यांच्यावरच गेलंय.
नुसत्या या आकड्यांवरून काही ठरत नाही, पण वाढलेलं बीपी आणि भावाचा अटॅक धरला तर धोका आहे, आत्तापासून सावरा, म्हणाले. हा रिपोर्ट छत्तीस कंबरेचा वाटत नाही, असंही म्हणाले. रक्ताच्या बाटल्या बदलल्या असतील, असं मी सुचवलं. त्यांनी बायकोला सांगितलं, घरी तुम्हीच मोजा.

१५ जून
दुकान उघडायच्या आधी बायकोने टेप घेतली. श्वास सोडा, म्हणाली. सोडला. तिने टेप कंबरेभोवती गुंडाळली. इतकी वर्षं माझ्या मापांवर ती बिनधास्त हसत आली. आज हसली नाही. तेव्हा मला भीती वाटली.
टेपवरचा आकडा ती बराच वेळ बघत राहिली. मग थेट माझ्या गिऱ्हाइकी आवाजात म्हणाली, एक्केचाळीस.
हायसं वाटलं. छत्तिसापासून काही फार लांब नाही.
मग दुकानाची रीत आठवली. एक कमी सांगितला असेल तर बेचाळीस. मर्जीतल्याला दोन.
डोळे पुसून ती दार उघडायला गेली. विचारायची हिंमत झाली नाही. उद्या फिरायला जाणार, खरंच. तोवर, देवा, एवढ्या एका दिवसापुरता मी तिच्या मर्जीतला नसू दे.