फाटक, तीन कुलपं आणि मंगलाबाई

नवागाम, सुरत
शुक्रवार, ता. १२ सप्टेंबर १९९७

ती. स्व. वाल्मिकमामा यांच्या चरणी भाचा पंडित याचा डोकं टेकून नमस्कार. (पत्र कॉम्प्युटरच्या कागदावर आहे म्हणून रागावू नका. कडेची भोकं छपाईयंत्राच्या सोयीची आहेत, उंदरांनी पाडलेली नाहीत.) तुमचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का? पुष्पामामींच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी की नंतर? मी इथे खुशाल आहे, वजन वाढलं आहे. तुमच्या घरी फोन आल्याचं कळलं, पारोळ्यात तुमचा मान आणखी वाढला असेल. फोनजवळ वही ठेवत जा. का, ते पुढे कळेलच.

इच्छापोरच्या ज्या कारखान्यात मी सहा महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवर रुजू झालो, तिथे चौऱ्याऐंशी माग आहेत आणि कॉम्प्युटर एक. त्यामुळे साहजिकच माझं महत्त्व एका मागापेक्षा चौऱ्याऐंशी पटीने जास्त आहे, असा माझा हिशेब आहे. (आमचे शेठ रमणीकभाई यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांनी मला अजून कायम केलेलं नाही.) आमच्या मागांना लागणारं सूत मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून येतं. त्या कंपनीने जुलैत पत्र पाठवलं, की यापुढे मागणी पत्राने नाही, माणसाच्या तोंडी निरोपानेही नाही. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला एक गेटवे बसवला आहे, म्हणजे फाटक. आपल्या कॉम्प्युटरने फोनच्या तारेवरून त्या फाटकापाशी जायचं, ओळख पटवायची, आत जाऊन मागणी नोंदवायची. पंधरा सप्टेंबरपर्यंत जो आत शिरला नाही, त्याचं दिवाळीच्या हंगामाचं सूत दुसऱ्याला. सूत नाही म्हणजे माग बंद, आणि माग बंद म्हणजे आपल्या खानदेशातली दीडेकशे माणसं सणाच्या तोंडावर बोचकी बांधून गावाकडे. तेव्हा प्रकरण साधं नव्हतं. सोबत एक फॉर्म होता: फाटकाने तुम्हाला कसं ओळखावं, तीनपैकी एका पद्धतीवर खूण करा आणि शिक्का मारा. एक, गुप्त शब्द. दोन, उलटा फोन. तीन, आकड्यांचा तक्ता. शेठनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "पंडित, आमां जोखम तो नथी ने?" मी म्हटलं, शेठ, जोखीम अज्ञानी माणसाला असते, मी जळगावला तीन महिन्यांचा कोर्स केला आहे.

मी गुप्त शब्दावर खूण केली. जगात सगळीकडे हेच चालतं. शब्द आठ इंग्रजी अक्षरांत बसवायचा होता, मी 'शेवभाजी' निवडला आणि जास्त होणारं शेवटचं अक्षर कापून 'शेवभाज' केला. कापल्यामुळे तो आणखी अवघड झाला, कुणाला स्वप्नातही सुचला नसता. आता, शेठना शब्द सांगणं भाग होतं, आणि शेठ त्या वेळी मागांमध्ये उभे होते. मामा, तुम्ही चालू कारखाना पाहिलेला नाही. तिथे शेजारच्या माणसाला पाणी मागायचं तर ओरडावं लागतं. मी शेठच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. शेठनी विचारलं, "शुं?" मी पुन्हा ओरडलो. असं चार वेळा झालं आणि चौथ्या वेळी नेमकी वीज गेली. चौऱ्याऐंशी माग एकदम गप्प, आणि त्या शांततेत माझा एकट्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी कामरेजहून तागे न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने मला दारातच हात जोडले, "राम राम, शेवभाजभाई!" त्याला ते माझं नाव वाटलं होतं. ज्या शब्दाने ड्रायव्हर नमस्कार करतो त्या शब्दाने फाटक उघडणं बरं नव्हे, असं मी स्वतःहून ठरवलं. (शेठनीही तेच ठरवलं होतं, जरा मोठ्या आवाजात.)

मग मी मुंबईला फोन केला. तिथे हे काम पाहणाऱ्या माधवी कर्णिक नावाच्या बाई आहेत, स्वभावाने कडक पण आवाजाने गोड. त्या म्हणाल्या, पद्धत बदलून देते, फक्त पुन्हा पुन्हा बदलू नका. मी दुसऱ्या पद्धतीवर खूण केली, आणि मामा, ही पद्धत मला खरंच आवडली होती. आपण फाटकाला फोन लावायचा, नाव सांगायचं. फाटक लगेच फोन कापतं आणि आपल्या नोंदलेल्या नंबरावर स्वतः उलटा फोन करतं. म्हणजे कुणी चोर आपलं नाव सांगून गेला तरी फोन वाजणार आपल्याच कारखान्यात! फोन वाजला की आमची मोडेमची डबी चौथ्या घंटीला तो उचलणार आणि दोन्ही कॉम्प्युटर आपापसांत बोलणार. (त्यांचं बोलणं म्हणजे बारीक किंकाळी, मग खरखर, मग पुन्हा किंकाळी. माणसाने ऐकू नये.)

पण आमच्याकडे मंगलाबाई आहेत. मूळच्या शिरपूरच्या, राहतात माझ्यासारख्याच नवागामात. झाडलोट करतात, चहा करतात, कपाटांच्या किल्ल्या सांभाळतात आणि फोन उचलतात. वीस वर्षांपूर्वी शेठनी त्यांना सांगितलं होतं की फोन तिसऱ्यांदा वाजता कामा नये, आणि तो वाजलेला नाही. चौथ्या घंटीची वाट पाहणारी माझी डबी त्यांच्यापुढे काय टिकणार! मी बाहेर कॉम्प्युटरपुढे फाटकाच्या फोनची वाट पाहत बसलेलो, आणि आत मंगलाबाई फोन कानाला लावून फार मायेने सांगत होत्या, "रडू नको भाऊ, शेठ जेवाले गयात, येतीनच आते." तीन दिवसांत फाटकाने अकरा वेळा फोन केला आणि त्यांनी अकरा वेळा त्याची समजूत घातली. चौथ्या दिवशी फाटकाने आमचा नंबर बंद केला. मी मुंबईला विनंती करून तो पुन्हा सुरू करवला आणि मंगलाबाईंना बजावलं, की फोनला हात लावायचा नाही. त्यांनी नाही लावला. तेव्हा येणारा प्रत्येक फोन डबीने उचलला, त्यात शेठच्या भरूचच्या व्याह्यांचाही होता. त्यांनी मुलीची खुशाली विचारायला फोन केला होता आणि त्यांच्या कानात किंकाळी गेली. ते संध्याकाळच्या आत गाडी करून सुरतेत हजर. तो दिवस मी फार लांबवून सांगत नाही.

उरली तिसरी पद्धत. माधवीबाईंनी सुस्कारा सोडून रजिस्टर पोस्टाने तक्ता पाठवला: शंभर आकडे, प्रत्येक वेळी फाटकाला पुढचा एक सांगायचा, वापरलेला खोडायचा. ज्याच्या हाती तक्ता, तो म्हणजे आमचा कारखाना. तोच मागणी करणार, तोच रद्दही करू शकणार. शेठनी तक्ता कपाटात ठेवला आणि किल्ली मंगलाबाईंच्या कमरेला गेली. मला हे अपमानाचं वाटलं, खोटं कशाला बोलू. कोर्स केलेल्या माणसाने आकडा मागायला चहावाल्या बाईकडे जायचं!

गेल्या बुधवारी दुपारी शेठ बाहेर गेले असताना फोन आला. मीच उचलला. पलीकडे अतिशय सभ्य पुरुषी आवाज, मुंबईच्या कंपनीतून बोलतोय म्हणाला. "पंडितसाहेब," असं म्हणाला. (मामा, मला आजवर साहेब कुणी म्हटलेलं नाही.) तक्त्यात छपाईची चूक निघाली आहे, पुढचे पाच आकडे वाचून दाखवा, मी इथे जुळवून पाहतो, जरा लवकर करा, तुमच्यासारखे जाणकार सगळीकडे नसतात. मी फोन टेबलावर ठेवला आणि मंगलाबाईंकडे किल्लीसाठी हात पसरला.

"कोन शे?" त्यांनी विचारलं.

"मुंबईची कंपनी."

"मुंबईनी तर बाई बोलस. हाऊ माणूस कोन शे?"

मी समजावलं की मोठ्या कंपनीत माणसं पुष्कळ असतात आणि त्याला घाई आहे. त्यांनी किल्ली पदराखाली घेतली. "त्याले सांग, फोन ठेवी दे. आपन लावूत मुंबईले."

मला राग आला. तरी मी फोन कानाला लावून म्हटलं, साहेब, आम्हीच उलट फोन करतो. एवढं म्हणताच फोन कापला गेला, नमस्कारही न करता. मी मुंबईला लावला. माधवीबाई म्हणाल्या, "आमच्याकडून कुणीही फोन केलेला नाही. तुम्ही आकडे दिलेत का?" मी नाही म्हणालो आणि खाली बसलो. ते पाच आकडे गेले असते तर आम्ही मागणी नोंदवताच आमच्या नावाने आमचंच सूत कुणीतरी रद्द केलं असतं, आणि फाटकाला ते आम्हीच वाटलो असतो. मंगलाबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. साखर जास्त होती.

त्याच दुपारी आम्ही तक्त्याने फाटक उघडलं. मागणी पहिल्या फटक्यात नोंदली गेली, काल सुताचा ट्रक आला, माग रात्रंदिवस धडधडताहेत. मी मुंबईला लेखी कळवलं, की आमच्याकडे माझ्या देखरेखीखाली दुहेरी सुरक्षा राबवली आहे: तक्ता, आणि येणाऱ्या प्रत्येक फोनची उलट फोन करून खात्री. दुसऱ्या भागाची जबाबदारी कुणाकडे, असा रकाना होता, तिथे 'सौ. मंगलाबाई, सुरक्षा अधिकारी' असं लिहिलं. थोडक्यात, मामा, तिन्ही पद्धती जातीने पारखून मी योग्य निवड केली आहे आणि माझी चिंता करण्याचं काही कारण नाही.

मामींना नमस्कार, लहानांना पाठीवर थाप. सूत, शेठ आणि सुरत तिन्ही सांभाळून असलेला,

तुमचाच भाचा
पंडित

ता. क. : एक छोटंसं काम आहे. शेठ मला कायम करायला तयार आहेत आणि कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे द्यायची म्हणतात. पण मंगलाबाईंची अट आहे, की आधी माझ्या घरच्या कुणीतरी माझी खात्री द्यावी. मी तुमचा नंबर दिला आहे. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता त्यांचा फोन येईल. वहीत लिहून ठेवा: पंडित लहानपणापासून वस्तू सांभाळून ठेवतो. त्याने सायकल कधीच हरवली नाही. तुमच्या दुकानाची चावी विहिरीत पडली तेव्हा तो गावातच नव्हता. कृपा करून फोन तुम्हीच उचला, मामींना देऊ नका. त्यांना खरं बोलण्याची सवय आहे.

ता. क. दुसरा, सोमवार : पाकीट पोस्टात टाकायचं राहिलं, तेवढ्यात घडलं ते लिहितो. मी दिलेला तुमचा नंबर मंगलाबाईंनी वापरलाच नाही. म्हणाल्या, मागे त्यांच्या भाचीला स्थळ आलं, मुलाने चौकशीसाठी आपल्या मामाचा म्हणून नंबर दिला, आणि मामा म्हणून बोलला तो मुलगाच निघाला. तुमचा नंबर त्यांनी आमच्या हिलाल नावाच्या विणकराकडून मिळवला, त्याची मेहुणी तुमच्याच गल्लीत दिली आहे म्हणे. काल रविवारी त्यांनी परस्पर फोनही केला. मामींनी उचलला. नऊ मिनिटं बोलणं झालं.

आज सकाळी मला किल्ली मिळाली, मामा, आणि नोकरीही कायम झाली. पण किल्ली हातात दिली नाही. नाडीत ओवून, सगळ्या ऑफिससमोर माझ्या गळ्यात घातली. "मामीनं सांगेल शे," एवढंच म्हणाल्या आणि हसत चहा करायला निघून गेल्या. मामींनी नेमकं काय काय सांगितलं, ते उलट टपाली कळवा.