खिडकीतले पाच पाव

२६ फेब्रुवारी, रविवार

झाला एकदाचा क्षमेचा रविवार! उद्यापासून ईस्टरपर्यंतचा मोठा उपवास, म्हणून आज संध्याकाळी देवळात सगळ्यांनी सगळ्यांपुढे वाकायचं. आपण म्हणायचं, ‘मला माफ कर’. समोरच्याने म्हणायचं, ‘देव माफ करो’. वाकलो आम्ही. पण कोणापुढे? जे आधीच आमचे आहेत त्यांच्यापुढे! घंटेवाल्या हारालांबीने माझी माफी मागितली. कशाबद्दल ते त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

आणि जिच्याशी हे बोलायला हवं ती टेक्ला त्याच वेळी जुन्या सिनेमा हॉलमध्ये तिच्या माणसांपुढे वाकत होती. सख्खी धाकटी बहीण! दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण, एक विहीर. दोन वर्षं झाली, शब्द नाही.

फादर निकिफोर प्रवचनात म्हणाले, “घर सोडून गेलेल्यांसाठी दार उघडं आहे.” मग देवळाचं कुलूप बदललं कोणी? मी खाली मान घालून मेणबत्तीकडे बघत राहिले.

१ मार्च

सगळं बिशपवरून. दोन वर्षांपूर्वी गाव फुटलं, देवळाचं कुलूप बदललं आणि बाहेर राहिलेले जुन्या सिनेमा हॉलमध्ये उपासना करू लागले. आमचा बिशप मॉस्कोच्या अंगाचा, त्यांचा बुखारेस्टच्या. दोघांपैकी एकही आमच्या गावच्या चिखलातून चालत आलेला नाही. प्रार्थना त्याच, चाली त्याच, ईस्टरही एकाच दिवशी. उपासनेत एका जागी बिशपचं नाव घेतात, तेवढंच काय ते वेगळं. त्या एका नावापायी लग्नं मोडली, बारशांना मामा आले नाहीत. आम्ही त्यांना ‘सिनेमावाले’ म्हणतो, ते आम्हाला ‘कुलूपवाले’. नावं ठेवण्यात मात्र दोन्हीकडे एकी आहे!

४ मार्च, शनिवार

आज उद्याच्या उपासनेसाठी वेदीचे पाव केले. नेहमीप्रमाणे पाच. आमच्याकडे हे पाव विधवेने करायचे असतात, आणि हात बसलेल्या विधवा गावात दोनच. मी आणि टेक्ला. आईच्या हाताखाली एकाच काथवटीवर शिकलो. मी देवळासाठी करते, ती सिनेमासाठी.

आईचा एकच कडक नियम होता. मनात कोणाबद्दल अढी असेल तर पिठात हात घालायचा नाही, आधी जाऊन मिटवून यायचं. मी दर शनिवारी मळण्याआधी म्हणते, ‘देवा, माझी कोणावर अढी नाही.’ टेक्ला त्यात धरायची नाही, हे मी आणि देवाने आपसात ठरवून टाकलंय. देव अजून काही बोललेला नाही.

६ मार्च

टेक्ला पडली. विहिरीपाशी बर्फ होता, बादलीसकट घसरली. मी खिडकीतून पाहिलं. धावले, पण रबरी बूट घालेपर्यंत तिच्या बाजूची माणसं पोचली, तिला उचलून घेऊन गेली. मी कुंपणाशी नुसती उभी. डाव्या पायात उजवा बूट. तिने पाहिलं माझ्याकडे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ‘फार लागलं का गं’, एवढंच! नाही बोलले.

उजवं मनगट मोडलंय म्हणतात.

११ मार्च, शनिवार

आज दिवसभर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळपासून तेच केलं, बघत राहिले! प्लास्टरमधला हात गळ्यात, डाव्या हाताने मळतेय. पीठ घट्ट, सरकत होतं काथवटीवर इकडून तिकडे. ती पोटाने काथवट भिंतीशी दाबून धरायची आणि पुन्हा मळायची. हट्टी ती लहानपणापासूनच.

एका हाताने मळलेलं पीठ भट्टीत तडकणारच. आणि तडकलेला पाव वेदीवर चालत नाही.

१२ मार्च

तडकलेच. त्यांच्या फादर सिल्व्हियूंनी घाईघाईने शहरातून पाव आणवले, त्यांना खालून बुरशी. हारालांबी फाटकातूनच ओरडला, “अगाफिया! सिनेमात आज इंटरव्हल!” मी हसले. मोठ्याने हसले.

मग घेवड्याची भाजी पुढ्यात घेऊन बसले आणि घास उतरेना. पाव झाले नाहीत म्हणून टेक्ला किती रडली असेल ते मला माहीत आहे. ती रडली की नाक लाल होतं आणि मग सगळ्यांवर चिडते. आज कोणावर चिडली असेल? घरात तर कोणीच नाही.

१८ मार्च, शनिवार

दहा केले. अंधार पडल्यावर पाच पाव स्वच्छ कापडात बांधले, कुंपणाच्या फटीतून गेले आणि तिच्या खिडकीत ठेवून आले. चोरासारखी! कुत्रंही भुंकलं नाही, ओळखतंय मेलं.

वेडी झालेय मी. कोणाला कळलं तर?

२० मार्च

कापड कुंपणावर परत आलंय. धुतलेलं, इस्त्री केलेलं. कोपऱ्याला मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधलेला, दरवर्षी पहिल्या तारखेला आम्ही एकमेकींना देतो तो. दोन वर्षांत दिला नव्हता. शब्द नाही, दोरा फक्त. मी तो मनगटाला बांधला आणि बाही खाली ओढून घेतली.

बाही का ओढली? माझं मलाच चिडायला होतंय.

२५ मार्च

पुन्हा दहा.

१ एप्रिल

पुन्हा दहा. पाव ठेवताना काचेपलीकडे ती उभी होती. मी दिसले असणार. पडदा हलला, बाकी काही नाही. बोलायला दोघींना काय होतं? राग येतो, मग मी कोंबड्यांवर ओरडते.

९ एप्रिल, रविवार

फुटलं बिंग!

आमच्याकडचा शिक्का नासपतीच्या लाकडाचा आहे, वडिलांनी आईसाठी कोरलेला. त्याने पावावर क्रूस उठवतात. त्याचा एक कोपरा उडालेला आहे, त्यामुळे माझ्या पावावर क्रूसाचा एक हात किंचित आखूड येतो. हे साऱ्या देवळाला ठाऊक. हारालांबीची सून सिनेमावाल्यांतली. मागच्या रविवारी उपासनेनंतर वाटलेला तुकडा तिने घरी आणला, सासऱ्याच्या टेबलावर ठेवला. आखूड हात! हारालांबीला तेवढं पुरे. घंटा वाजवायला त्याला इतकी चपळाई कधी सुचली नाही.

फादर निकिफोरांनी उपासनेनंतर थांबवून घेतलं.

“त्यांच्या वेदीवर आपला शिक्का? वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?”

“सांगा, पीठ अगाफियाचं होतं आणि सरपणही तिचंच.”

“हा पिठाचा प्रश्न नाही, बाई. याने त्यांना वाटेल आपण त्यांना मान्यता दिली.”

“तिचा हात मोडलाय, फादर.”

वाईट माणूस नाही हो हा. माझा नवरा गेला तेव्हा हिमवादळात पायी आला होता, मिशीला बर्फ लटकत होता. पण मग म्हणाले, “शिक्का इथे ठेवून जा. ईस्टरचे पाव माझ्या देखरेखीखाली होतील.”

ठेवला. लाकूड माझ्या तळहाताच्या घामाने काळं पडलेलं. घरी येताना हात नुसता उघडझाप करत होता.

१३ एप्रिल, पवित्र गुरुवार

दारावर लाथ बसली. लाथच!

“ताई, दार उघड. एकच हात आहे माझ्याकडे, आणि त्यात खमिराची बरणी आहे.”

टेक्ला! उंबऱ्यात उभी, नाक लाल. मी म्हटलं, “पाय पूस आधी.” दोन वर्षांनी पहिलं वाक्य, आणि हे! ती म्हणाली, “तुझं घर कधीपासून एवढं स्वच्छ झालं?” मग आत आली, आईच्या खुर्चीवर बसली.

फादर सिल्व्हियूंनी तिलाही सुनावलंय. “टेक्लामावशी, कुलूपवाल्यांच्या हातचे पाव घेतले तर माझे लोक मला फाडून खातील. आपले आपण करा, नाहीतर राहू दे.” तिशीतलं पोर, घाबरलेलं. आमचे साठीतले, तेही घाबरलेलेच. कोणाला घाबरतात हे दोघे? जे बिशप कधी येत नाहीत त्यांना!

“शिक्का काढून घेतला म्हणे तुझा,” टेक्ला म्हणाली.

“तुझा आहे ना. प्लास्टिकचा.”

“हसू नकोस. शहरातून घेतला, ठसा स्पष्ट येतो.”

“भांड्यांच्या दुकानातून?”

“ताई!”

हसलो. मग तिने बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “आई काय सांगायची? अढी असताना पिठाला हात नाही. मग आपण मळतोय कोणासाठी गं? ज्यांची अढी दोन वर्षं गावभर वाजतेय त्या दोघांसाठी?”

लहानपणीही असंच व्हायचं. खोडी तिला सुचायची आणि मार मला बसायचा.

ठरलं. दोन्ही फादरनी आमच्या विहिरीपाशी यायचं. एकमेकांसमोर वाकायचं, क्षमेच्या रविवारी म्हणतात ते म्हणायचं. त्यानंतर दहा पाव, एकाच काथवटीवर. नाहीतर कोणालाच नाही! निरोप हारालांबीकडे दिला. फाटकाबाहेर पडायच्या आधीच त्याने तो तिघांना सांगितला.

१४ एप्रिल, पवित्र शुक्रवार

गाव पेटलंय. आमच्याकडे फादर लग्न करतात; निकिफोरांची बायको आली, “पुनरुत्थानाचा दिवस बुडवणार तुम्ही बहिणी!” सिनेमावाल्यांचा एक जण आला, तोही शब्दाला शब्द तेच बोलला. दोघं एकाच बाकावर बसून आम्हाला शिव्या देत होती, एवढी तरी एकी झाली! परदेशात कामाला असलेल्या माझ्या पोरीचा पादोव्याहून फोन आला. आधी पोट धरून हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, “आई, नाही आले तर?”

नाही आले तर. शहरात ईस्टरचे पाव आदल्या दिवशी देणार कोण? ज्याचे त्याला पुरत नाहीत. वेदीवर पाव नसतील तर ईस्टरच्या पहाटे उपासना नाही. लोक मेणबत्त्या घेऊन येतील आणि उभे राहतील. ती म्हातारी दोम्निका, पुढच्या वर्षी असेल नसेल. तिला मी काय सांगणार? मला भीती वाटतेय. देवाला ओलीस धरतोय का आम्ही?

टेक्ला म्हणते, “भीती मलाही वाटते. पण मी मळणार नाही.” माझ्याकडेच झोपलीय. घोरते अजून.

१५ एप्रिल, शनिवार

सकाळी कोणी नाही. अंडी लाल रंगवली, बोटं रंगली, कोणी नाही. चार वेळा फाटकाशी जाऊन आले. टेक्ला ओरडली, “बस ना एका जागी!” आणि स्वतः पाचव्यांदा गेली.

जेवणानंतर फादर निकिफोर आले, वरच्या रस्त्याने. फादर सिल्व्हियू खालच्याने. विहिरीच्या दोन बाजूंना उभे राहिले. कुंपणापलीकडे अर्धं गाव. आलुबुखाऱ्याचा बहर त्यांच्या काळ्या झग्यांवर पडत होता आणि दोघांपैकी कोणी झटकत नव्हतं.

“गारवा आहे अजून,” निकिफोर म्हणाले.

“हो ना. शेतीला बरा नाही,” सिल्व्हियू म्हणाले.

टेक्ला खाकरली.

मग दोघं एकदमच बोलायला लागले आणि एकदमच थांबले. “तुम्ही आधी.” “नाही, तुम्ही.” शेवटी निकिफोर वाकले. त्यांचा गुडघा वाजला, सगळ्यांना ऐकू आला. वाकले ते वर येईनात. सिल्व्हियूंनी कोपराला धरलं आणि धरता धरता स्वतःही वाकले. “मला माफ करा.” “देव माफ करो. मलाही करा.” आवाज इतका हळू की मागच्यांना कळलंच नाही. हारालांबीने ‘काय म्हणाले, काय म्हणाले’ करून डोकं उठवलं. म्हातारी दोम्निका रडत होती. मीही रडले, लपवलं नाही.

काही बदललं नाही, हे मला कळतंय. उद्या एकीकडे एका बिशपचं नाव घेतील, दुसरीकडे दुसऱ्याचं. कुलूप तसंच आहे. पण निकिफोरांनी जाताना खिशातून शिक्का काढला आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवला. माझ्याकडे न बघता.

तोच दिवस, संध्याकाळ

पीठ चाळलं. कोमट पाणी घेतलं, दोघींच्या बरण्यांतलं खमीर एकत्र केलं. बाह्या वर केल्या आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, ‘देवा, माझी कोणावर अढी नाही.’ हात घालणार तोच टेक्लाने प्लास्टरचा हात काथवटीवर आडवा ठेवला.

“ताई, त्यांच्याकडून वदवून घेतलं. आपण दोघींनी कुठे म्हटलंय?”

मी कोरडे हात घेऊन इथे पळून आलेय, वही उघडून बसलेय. ती तिथे तशीच उभी आहे, काथवट अडवून. हाक मारत नाही. वाट बघतेय.

जाते. तिच्या आधी मला म्हणायचंय.