जयश्रीच्या लग्नातल्या पुरणाच्या मांड्यांना आडवा आलेला अंगठा

नवागाम, सुरत

ती. मोठ्या जाऊबाई उषाबाई यांना मालतीचा नमस्कार. इकडे मी सोडून सगळे बरे आहेत. तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्यांचं मला माहीत आहे, ते राहू द्या. हात कसे आहेत? कोपरापासून अंगठ्यापर्यंत नीट पाहून सांगा. (तुमच्या महेशच्या लग्नापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पेन दोन बोटांत धरलंय, अक्षराला हसू नका.)

साड्यांचे धागे कापून कापून माझा उजवा अंगठा हलेना. डॉक्टरकडे गेले. त्याने अंगठा मुठीत धरायला लावून मनगट खाली दाबलं. मी अशी ओरडले की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. मग तो कोपराच्या खाली बोट ठेवून म्हणतो, "बेन, अंगठा बाजूला ओढणारा स्नायू इथे, हाताच्या मागच्या अंगाला असतो. त्याची दोरी मनगटाच्या बोगद्यातून अंगठ्याला जाते. तिथे सूज आहे." म्हणजे दुखणार अंगठा आणि मालक राहणार वर! (आपले सासरे गावाला बसून सुरतेचं घर हलवायचे, तसंच.)

पट्टा बांधून त्याने आराम सांगितला. इकडे जयश्रीचं लग्न तोंडावर, अन् व्याह्यांना पुरणाचे मांडे माझ्या हातचे कबूल केलेले. मी म्हटलं, मांड्याला अंगठा लागतो कुठे? मांडा तर हातावर फिरवून मोठा करायचा. आराम अंगठ्याला सांगितलाय, हाताला नाही. काल गच्चीवर चूल मांडली, खापर तापवलं, मांडा हातावर घेतला अन् उलटवला. तेव्हा कळलं, तो मेला स्नायू नेमका मांड्याखालीच पसरलेला. अशी कळ आली की मांडा बाहीसारखा कोपरापर्यंत चढला, पुरण चुलीत गेलं, अन् माझा धक्का लागून खापराचे तुकडे झाले. जयश्री म्हणते, "मम्मी, रहेवा दे ने, केटरर पावभाजी करेल." लेकीच्या लग्नात व्याह्यांना पावभाजी! मी रडले नाही. धूर होता.

तुमची,
मालती

ता.क. हळदीच्या आधी दोन दिवस या. येताना तुमचं खापर आणा, एसटीत मांडीवर धरा.

ता.क. महेशच्या लग्नात तुमचा मांडा फाटला असं मी चारचौघींत बोलले. तो फाटलाच होता. मी शब्द मागे घेणार नाही.

ता.क. केटररचं बोलून झाल्यावर जयश्री हळूच म्हणाली, "मोठ्या आईचे मांडे तुझ्यापेक्षा पातळ असतात." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तुम्हीही इथे आल्यावर तसंच दाखवा.