पायाळू

४ ऑगस्ट
आलो एकदाचे नाशिकला! इंदिरानगरात वरचा मजला, गॅलरीत भरपूर ऊन. खाली घरमालकीण नवसाबाई आणि त्यांचा मुलगा सुनील. मागे त्यांच्या जुन्या झेंडूच्या मळ्याचा उरलेला तुकडा. मला तिसरा महिना आहे हे कळताच बाईंनी दृष्टच काढली. लखन मालेगावला यंत्रमाग दुरुस्त करायला जाणार, रविवारी घरी येणार. मी एकटी राहणार म्हणून आईला घोर होता. तो आता मिटला.

११ ऑगस्ट
रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉईड कमी पडतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, अजिबात चुकवायची नाही. सुरुवातीला बाळ आईच्याच थायरॉईडवर वाढतं, ते कमी पडलं तर पुढे उलटंही राहू शकतं म्हणे. घरी येऊन नवसाबाईंना सगळं सांगितलं. मी उलट्यांनी बेजार. नवसाबाई म्हणाल्या, "बाटली माझ्याकडं दे, पोरी. रोज मीच आणून देईन. इसरायचं कामच नाय." केवढी माया!

२२ सप्टेंबर
थायरॉईड आणखी बिघडलंय. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, गोळी घेतेस ना? रोज घेते की. डोस वाढवून दिला. नवी बाटली नवसाबाईंनी हातातून घेतलीच.

१० फेब्रुवारी
सोनोग्राफीत बाळ उलटं. डोकं वर, पाय खाली. आईचं थायरॉईड सुरुवातीला कमी असलं तर असं होऊ शकतं, असं काही डॉक्टरांना वाटतं. खात्रीनं कुणी सांगत नाही. सिझेरियन करायचं ठरलं. मी रडत घरी आले. नवसाबाईंनी मात्र पोटाला गाल लावला. "पायाळू! आता फिरू नको रे राजा."

१२ फेब्रुवारी
सुनील भरदुपारी मळ्यात खड्डे खणतोय; रविवारी लखनही त्याला हात लावतो. बाईंच्या आजेसासऱ्यानं पुरलेलं सोनं सापडत नाही म्हणे. बाई हसून म्हणाल्या, पायाळूला जमिनीतलं दिसतं. माझ्या पोटाकडे बघत.

१३ फेब्रुवारी
आजची गोळी गिळली नाही, चावली. गोड. औषधाच्या दुकानात दाखवली. ही थायरॉईडची नाहीच, नुसती साखर आहे म्हणाले. म्हणजे इतके महिने—
लखनला सांगितलं. म्हणाला, त्यांना दुखवू नकोस. थोडेच दिवस राहिलेत, नव्या गोळ्या आणतो आणि सिझेरियनला मीच नेतो.

१ मार्च
सकाळपासून कळा. दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या. पलीकडून नवसाबाई— "शिझर नाय करायचं, पोरी. आपसूक येऊ दे."
लखनचा फोन लागला. रडत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, पाय दिसले का?
आवाज फोनमधून आला. आणि दारापलीकडूनही—
कडी निघतेय. मी