हॅलरच्या बारमधले आजोबा

लॉस एंजेलिस, ४ मार्च १९६०

ती. पुआनानीताईस,
कीआवेचा सा. न. वि. वि.

ताई, थोरले आजोबा सापडले. आईला एवढ्यात सांगू नकोस.

हॅलर नावाच्या गृहस्थांनी तळघरात बार थाटलाय. भिंतींना बांबूच्या चटया ठोकायला मला बोलावलं. माशांची जाळी, काचेचे गोळे, आणि कोपऱ्यात आपले आजोबा, घरातली ती लाकडी मूर्ती. सिनेमावाल्यांनी शूटिंगपुरती म्हणून हनालेईहून नेली होती तीच. खांद्यावर बाबांच्या कोयत्याची खूण आहे. तोंडात भोक पाडून दिवा बसवलाय गं. हॅलरने ती लिलावात घेतली म्हणे.

पुढच्या शनिवारी काम संपेल. गाडी मागच्या दाराशीच असते. उचलतो आणि निघतो.

तुझा,
कीआवे

हनालेई, हवाई बेटे, ८ मार्च

चि. कीआवे यास अनेक आशीर्वाद.

उचललं नसशील तर उचलू नकोस. तिकडचे पोलीस तुझं ऐकतील की हॅलरचं? आजोबा घरातून गेले, त्यांच्यापायी तूही तुरुंगात गेलास तर आईला मी काय सांगू? सरळ माग. नाही म्हणाला तर मुकाट्याने घरी ये. उत्तर लगेच धाड.

तुझी ताई

लॉस एंजेलिस, १७ मार्च

ती. ताईस सा. न.

शनिवारी कामाला निघायला गाडीचं दार उघडलं होतं. तेवढ्यात तुझं पत्र आलं, म्हणून मागितलं. हॅलर हसला, म्हणाला, पैसे मोजलेत मी. मग स्वतःच कुरकुरला की ही बेटावरच्या देवाची मूर्ती, म्हणजे टिकी, वाटतच नाही, सिनेमात कशा दात विचकलेल्या असतात. पाहुणे विचारतात, हा दमलेला म्हातारा कोण? मी म्हटलं, तशी घडवून देतो, ही मला द्या. तो म्हणाला, आधी आण, मग बघू.

माडाचं खोड घेऊन पटाशी चालवली. हे एवढाले दात, वटारलेले डोळे. जीव मुठीत धरून नेली. हॅलर दोनदा भोवती फिरला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, ये, खरी टिकी बघ. वायर कापून आजोबांना त्यानेच गाडीत ठेवलं. 

बोटीने पाठवतोय. आईला आता सांग.

तुझा,
कीआवे

हनालेई, ९ एप्रिल

चि. कीआवे यास आशीर्वाद.

आजोबा पोचले. आई रडली नाही. तारोचा कंद शिजवून पुढे ठेवला आणि रात्रभर शेजारी बसली. सकाळी मात्र तुझ्या त्या दातवाल्याची चौकशी सुरू केली. म्हणते, तू घडवलास म्हणजे तो आपल्याच घरचा. तिथे त्याला कोणी काही खायला देतं का, ते विचारते आहे. मी काय सांगू?

माया आहेच, ती पत्रात पुरत नाही. एकदा ये.

तुझी ताई